परिशिष्ट ड

बेलापूरला, सेक्टर अकरात, पाचव्या मजल्यावर
मी करारांची पानं तपासते.
आकडा आकड्याशी, कलम कलमाशी.
एक स्वल्पविराम हलला तर किती कोटींना पडतो
हे मला पाठ आहे.

या वेळचा करार वायूचा.
विषुववृत्ताखाली, कुणाच्या तरी समुद्रात
दीड हजार मीटर पाणी, त्याखाली दोन हजार मीटर खडक,
आणि त्याच्याही खाली आपला हिस्सा: दहा टक्के.
देशाला पंचवीस वर्षांची निश्चिंती,
असं प्रस्तावनेत म्हटलंय.
मी खोडलं नाही. वाक्य बरोबर होतं.

तो वायू आपल्या शेगडीत येईलच असं नाही.
बहुतेक तिथेच विकला जाईल,
आणि त्या पैशातून आपण आणखी कुठून तरी घेऊ.
हे मी दिराला समजावलं एका रविवारी.
म्हणाला, म्हणजे परक्या विहिरीत घागर भरायची,
ती वाटेतच विकायची, आणि घरी टँकर मागवायचा?
जवळजवळ, मी म्हटलं.
फक्त टँकर महागला की घागरीलाही भाव येतो.
तेवढाच आधार.
त्याने वरण वाढून घेतलं.
नेरूळच्या माझ्या ओट्याखालून पिवळा पाइप जातो,
पोळ्या करताना मला कुठलाच देश आठवत नाही.

भालचंद्र तांडेल आमच्याकडे झेरॉक्स, बाइंडिंग बघतो.
करावे गावचा. इंग्रजी त्याला वाचता येत नाही,
नकाशा येतो.
परिशिष्ट ड आडवं धरून त्याने विचारलं,
"मॅडम, किनाऱ्यावं ह्या तिरप्या रेघा कसल्या?"
मी सांगितलं: टर्मिनल होणार तिथे.
एकशे ऐंशी घरं आहेत मच्छिमारांची,
ती दहा किलोमीटर आत हलवायची.
घराला घर, दीड एकर रान,
आणि समुद्रापर्यंत जायला
कुटुंबामागे एक सायकल.

सायकलवर तो हसला नाही.
"आन् टक्के कवरे?"
कसले टक्के?
"आमाला साडेबारा होते ना."

साडेबारा.
मिठागर गेलं, खाजण गेलं, बांध गेला,
त्याबदल्यात साडेबारा टक्के जमिनीचा कागद.
त्याचा बापूस काथोड एकोणीस वर्षं थांबला,
सोडतीत प्लॉट निघाला उलव्याला,
जिथे त्याच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.
बिल्डरने हात लावला, पैसे आले,
गावठाणात चार मजले चढले, एक गाडी आली,
एक भाऊ त्या गाडीतच गेला, पामबीचवर.
काथोड अजूनही पत्ता विचारणाऱ्याला
मिठागराच्या नावाने वाट सांगतो. लोक हरवतात.

मी पेन्सिलीने समासात लिहिलं:
स्थानिकांचा प्रकल्पात हिस्सा? टक्केवारी नमूद नाही.
चौथ्या दिवशी उत्तर आलं:
लागू नाही. यजमान देशाची बाब.
मी पेन्सिल खोडली.
खोडल्याची खूण राहते, हे मला माहीत होतं,
म्हणून पान बदलून घेतलं.

(खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही लगेच.
दोन वर्षांपूर्वी आखातात काहीतरी पेटलं
आणि आमच्या सोसायटीत सगळे मीटरकडे बघायला लागले,
तेव्हा मीच म्हटलं होतं,
बाहेर विहिरी हव्यात आपल्या, चार ठिकाणी हव्यात.
अजूनही म्हणते.)

दुपारी भालचंद्र परत आला, कागद न्यायला.
"त्यांचे खारीचा नाव काय?"
खाडीचं?
मी शोधलं. तीनशे चाळीस पानं.
अक्षांश होते, सेकंदापर्यंत.
ब्लॉक सहा होता, विहीर सहा-अ, सहा-ब,
कंपन्यांची नावं, त्यांच्या पोटकंपन्यांची,
लवाद कुठल्या शहरात बसेल त्या शहराचं.
खाडी निळी होती नकाशावर,
आणि निळ्यावर काही छापलेलं नव्हतं.

"नसंल," तो म्हणाला.
"आमचा पन नवता. आमी नोड होतो."

मग गठ्ठा उचलला, अंगठ्याने कडा सारखी केली.
सहा प्रती ना? स्पायरल का कडक पुठ्ठा?
कडक, मी म्हटलं.
सहीचे आहेत.